दिशेची परवानगी

जोडबसवण्णा चौकात रिक्षा सोडली की पुढे अम्माच्या घरापर्यंत पायीच जावं लागे. भद्रावती पेठेतल्या त्या बोळांत रिक्षा शिरत नसे, आणि शिरलीच तर वळून बाहेर पडताना रिक्षावाला सगळ्या गल्लीचा उद्धार करी. पद्मजा येमुल रोज दुपारी त्या बोळांतून एकटी जायची. अम्माला सांभाळणारी बाई जेवणं आटपून घरी गेली की गोळी द्यायची, चहा करायचा आणि तास-दोन तास आईजवळ बसायचं, हे तिचं काम. तिला ते काम वाटत नसे. कामावर जाणं-येणं सोडलं तर दिवसातला तेवढाच वेळ ती कुणाच्या सोबतीशिवाय कुठेतरी जात होती.

त्या दिवशी पहिली दोन वळणं नीट पार पडली. प्रत्येक वळणाशी कपाळावरच्या पट्टीतून मुंगी चालावी तशी झिणझिण आली आणि समोरची बोळ झटकन जागेवर बसली. ही आपलीच, इथून डावीकडे, पुढे यंत्रमागाचा खडखडाट. तिसऱ्या वळणाशी काहीच झालं नाही. कानातल्या बटणातून एक गोड आवाज आला.

"वसाहत-पाचमध्ये आपलं स्वागत आहे. सध्या आमचे सर्व्हर व्यस्त आहेत. आपण रांगेत आहात. आपला क्रमांक एकेचाळीस हजार दोनशे सहा."

पद्मजा थांबली. समोरचं सगळं तिला ओळखू येत होतं. निळं दार, किराणा दुकान, उंबऱ्यात बसून बीडीची पानं कापणारी म्हातारी. पण निळ्या दाराच्या कुठल्या अंगाला अम्माचं घर, ते कळत नव्हतं. तिनं मान वळवली. मान वळवताच मागची बोळ अशी दिसली, जणू ती तिथून कधी आलीच नव्हती.

नवऱ्याला, अंबादासला फोन करावा, हे लगेच मनात आलं. तिनं तो केला नाही. कित्येक महिन्यांत तसा फोन करायची वेळ आली नव्हती. क्रमांक उतरत होता. तो चाळीस हजारांवर आला आणि मग कसा कुणास ठाऊक, पुन्हा वाढला. तिनं म्हातारीला रस्ता विचारला. "डावीकडं जा, मग मारुतीपासनं आत," म्हातारी म्हणाली. मारुती सापडला. पण देवळाला वळसा घातल्यावर 'आत' म्हणजे कुठे, ते पुसलं गेलं. थोड्या वेळानं ती एका मोठ्या रस्त्यावर बाहेर पडली. तो रस्ता तिनं शंभरदा पाहिला असणार.

शेवटी तिनं फोन लावला.

"कुठं आहेस?" अंबादासनं विचारलं. त्याच्यामागे कारखान्यातल्या यंत्रांचा आवाज होता.

"तेच तर माहीत नाही की ओ."

"समोर काय दिसतंय?"

"चादरीचं दुकान. पिवळी पाटी."

"सोलापुरात चादरीचं दुकान!" तो हसला. "थांब तिथंच. हलू नको. शोधत येतो मी."

तो टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होता. रजा टाकून, मोटारसायकल दामटत तो आला. तिला मागे बसवताना त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट गाणं गुणगुणत होता. दोघं अम्माच्या घरी पोचले तेव्हा अम्मा स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली होती. पाण्याचा तांब्या आडवा पडला होता, उजवा हात मांडीवर ठेवला होता, आणि मनगट जिथे वळायला नको तिथे वळलं होतं.

"आलीस का," अम्मा म्हणाली. "मला वाटलं, आज विसरलीस."

*

तीन वर्षांपूर्वीपर्यंत पद्मजाला रस्ता विचारायला लोक यायचे. ती औषध कंपनीची प्रतिनिधी होती. स्कूटरवरून अख्खा जिल्हा तिच्या पायाखाली होता. कुठल्या गावात कुठल्या डॉक्टरकडे कुठल्या पायवाटेनं लवकर पोचता येतं, हे ती झोपेतही सांगू शकली असती. बार्शीच्या रस्त्यावर स्कूटर घसरली आणि मेंदूत एक लहानशी गुठळी झाली. ती चालू शकत होती, बोलू शकत होती, औषधांची नावं तिला पाठ होती. थोडक्यात निभावलं, असं सगळे म्हणाले. दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी ती न्हाणीघरात गेली, आणि परत येताना तिला आपली खोली सापडली नाही.

मेंदूविकारांच्या संस्थेतल्या डॉक्टर रेवती होनराव यांनी तिला ते सोप्या शब्दांत समजावून सांगितलं होतं. माणसाच्या डोक्यात गावाचा एक नकाशा असतो, आणि डोळ्यांपुढे एक दृश्य असतं. मेंदूच्या मागच्या भागात एक छोटीशी जागा आहे, ती या दोघांची सांगड घालते. आपण वळलो की नकाशाही डोक्यातल्या डोक्यात फिरवून घेते. पद्मजाची नेमकी तीच जागा गेली होती. नकाशा शाबूत, नजर शाबूत, पण दोघांची ओळख तुटलेली. म्हणून फोनमधला बाणही तिच्या उपयोगाचा नव्हता. बाण डावीकडे वळे आणि तिला प्रश्न पडे, कुणाच्या डावीकडे?

उपाय सापडला तो खेळातून. 'वसाहत' हा शहरं वसवायचा खेळ लाखो लोक खेळत होते. जमिनीचा तुकडा घ्यायचा, रस्ते आखायचे, नळ, वीज, शाळा, बाजार, मग त्यात माणसं येऊन राहतात, भांडतात, कर चुकवतात. संशोधकांच्या ध्यानात आलं, की जे शहर माणूस पाहून शिकत नाही, स्वतःच्या हातानं वसवतो, त्याची आठवण मेंदूत वेगळ्या वाटेनं साठते. आपण घातलेलं वळण हाताच्या आठवणीत राहतं, पोहण्यासारखं, सायकलसारखं. ती वाट पद्मजाच्या मेंदूत सुखरूप होती. मग त्यांनी एक पट्टी बनवली. खेळात एखादं वळण घालताना मेंदूत जी सूक्ष्म लहर उठते, तिचा ठसा पट्टी उतरवून घेई. पुढे खऱ्या रस्त्यावर तेच वळण आलं की पावलं आणि वळणं मोजून ते ओळखी, आणि तोच ठसा अगदी मंद प्रवाहानं कातडीतून परत देई. मेंदू म्हणे, हे तर मीच घातलेलं वळण.

पद्मजानं खेळात सोलापूर वसवलं. आधी घर ते दुकान, जिथे तिला औषधांच्या ठोक विक्रेत्याकडे काउंटरवर काम मिळालं. मग बाजार, मग कन्ना चौक, मग अम्माच्या बोळा, एकेक, हातानं. ज्या दिवशी ती अम्माकडे एकटी पोचली त्या दिवशी दारातच बसून रडली होती.

मग कंपनीनं 'वसाहत'ची पाचवी आवृत्ती काढली आणि चौथी बंद केली. चौथी घरच्या मशिनवर चाले, इंटरनेट असो वा नसो. पाचवीला मात्र सतत सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागे. एकट्यानं खेळायचं असलं तरी, घरात बसून खेळायचं असलं तरी. कंपनीचं म्हणणं, शहर आता इतकं गुंतागुंतीचं झालंय की त्याचा हिशोब घरच्या मशिनला झेपणार नाही. आवृत्ती आली आणि पहिल्याच दिवशी सर्व्हर झोपले. पैसे भरलेले लोक दाराबाहेर ताटकळत राहिले. जे आत गेले त्यांचे रस्ते दुसऱ्या दिवशी नाहीसे झाले. त्या दिवसांत पद्मजा जोडणी लागल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. महिनाभरात थोडं सुरळीत झालं असं वाटलं, तेवढ्यात सणाची सवलत जाहीर झाली, नवे लाखभर खेळाडू आले, आणि पद्मजा भद्रावती पेठेत रांगेत उभी राहिली.

*

"मॅडम, आपला त्रास मी समजू शकते," ग्राहक सेवेतली मुलगी म्हणाली. "पण आपण खेळत असताना रस्त्यावर का होता?"

"मी खेळत नव्हते. चालत होते."

"पण इथं दिसतंय मॅडम, आपण सत्र सुरू करायची विनंती केली होती."

"केली होती. चालता चालता तुटलं, ते परत सुरू झालं नाही. तीच तर तक्रार आहे."

"बरोबर आहे. सत्र सुरू नव्हतं म्हणजे आपण खेळात नव्हता. मग खेळात अडथळा आला असं मला नोंदवता येत नाही."

पद्मजानं फोन कानापासून दूर धरून क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "माझ्या आईचं मनगट मोडलंय," ती म्हणाली.

"ऐकून वाईट वाटलं मॅडम. ही पट्टी संस्थेनं बनवलेली आहे, आमची नाही. आमचा खेळ हा खेळ आहे, वैद्यकीय साधन नाही. पण झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनीनं प्रत्येक खेळाडूला एक भेट दिली आहे. आपल्या शहरात पाहा, नक्की आवडेल."

भेट म्हणजे संगमरवरी कारंजं होतं. ते पद्मजाच्या कन्ना चौकात मधोमध येऊन बसलं होतं आणि काढता येत नव्हतं. पुढचा आठवडाभर कन्ना चौकातून जाताना पट्टी तिला नसलेल्या कारंज्याला वळसा घालायला लावत होती. रिक्षावाले शिव्या घालत होते.

तोही आठवडा धड गेला नाही. कधी सर्व्हर चालू, कधी बंद. घरातून निघावं की नाही, हा रोजचा जुगार झाला. अम्माच्या हाताला प्लॅस्टर होतं. अंबादासनं तिला उचलूनच घरी आणलं होतं.

"आता इथंच राहू दे त्यांना," तो म्हणाला. "तुझी पायपीट पण वाचेल."

"प्लॅस्टर निघालं की मी माझ्या घरी," अम्मा आतून म्हणाली.

"एकट्या कशा राहणार?"

"राहते तशी. पद्मा येते की रोज."

अंबादास अम्मासाठी पाणी आणायला उठला. पद्मजाच्या मनात आलं, हा गेले काही दिवस बरा दिसतोय. सकाळी तिला दुकानात सोडतो, संध्याकाळी आणायला येतो, वाटेत गरम भजी घेतो. कारखान्यातल्या गोष्टी सांगतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही एवढं बोलत नव्हता.

*

खेळाडूंच्या गटात तिची ओळख झाली होती ती मेहरुन्निसा शेखशी. उदगीरच्या कॉलेजात ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. खेळात तिचं शहर पद्मजाच्या सोलापूरला लागून होतं. दोन्हींमधून रेल्वे धावायची. पद्मजासाठी वसाहत म्हणजे काठी होती. मेहरूसाठी ती नुसती हौस होती, पण हौस कसली! अकरा वर्षं ती एकच शहर वसवत होती. पाचव्या आवृत्तीत तिचा अर्धा नदीकाठ गायब झाला, तेव्हा ती चार दिवस कुणाशी बोलली नव्हती.

"दीदी, मी वायर सोडवून बघितली," मेहरूनं एका रविवारी फोन केला. "म्हणजे इंटरनेटची. शहर चालू असताना काढून टाकली. काय झालं असेल?"

"बंद पडलं असेल."

"नाही पडलं! वीस मिनिटं मस्त चाललं. बसा धावल्या, नळाला पाणी आलं, एका मोहल्ल्यात लग्न पण लागलं. मग पाटी आली, संपर्क तुटला, बाहेर व्हा. समजलं का? सगळा हिशोब आपल्याच मशिनवर होतो. सर्व्हर काय करतो? मधून मधून विचारतो, आहेस का? परवानगी आहे का? बस. माझ्या घरात, माझ्या मशिनवर, मी एकटी खेळणार, मग दाराशी यांचा वॉचमन कशाला?"

"मग ते खोटं बोलले?"

"एकदम खोटं नाही. नवीन घातलेले रस्ते आणि तुझे ते ठसे, हे सर्व्हर स्वतःकडं ठेवून घेतो. मशिनवर उतरवतच नाही. तुम्ही पट्टीवाले जिथं चालता तिथला खरा रस्ता त्यांना फुकट मोजून मिळतो. तो माल आहे दीदी. म्हणून दार उघडं ठेवायचं नाहीये त्यांना." तिनं आवाज खाली आणला. "मी तो विचारणारा भाग काढून टाकलाय. तुझ्यासाठी पण काढून देते. लहान मशिन घे, पिशवीत मावेल असं. मग कुणाला विचारायची गरज नाही."

"आणि नवीन रस्ते?"

"ते जाणार. चौथ्या आवृत्तीपर्यंतचे राहतील, आणि पुढं नवे घालशील ते तुझ्याच मशिनवर. आणि एकदा बाहेर पडलीस की खातं बंद. परत घेणार नाहीत."

*

डॉक्टर होनरावांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"डॉक्टर म्हणून माझं उत्तर नाही, असं आहे. हा विजेचा प्रवाह आहे आणि तो तुमच्या डोक्याला लागणार आहे. प्रवाह वाढला तर तो तोडायची सोय आम्ही कंपनीच्या प्रोग्राममध्ये बसवली होती. त्यांच्या भरवशावर. ती आमची चूक झाली, पण आत्ता ती तिथंच आहे. तुमच्या मैत्रिणीनं काढलेल्या भागाबरोबर तीही गेली असेल का, मला सांगता येत नाही."

"आणि डॉक्टर म्हणून नाही, तर?"

"मी नेहमीच डॉक्टर असते, पद्मजाताई." मग त्या दाराकडे बघत म्हणाल्या, "पहिल्यांदा लावाल तेव्हा एकट्या लावू नका. शेजारी कुणीतरी हवं. पट्टी ओढून काढायला."

घरी त्यावरून भांडण झालं. अंबादास एरवी आवाज चढवणारा माणूस नव्हता.

"कुणीतरी उदगीरची बाई, तिनं मोडतोड केलेला प्रोग्राम, तो डोक्याला लावायचा? काय गरज पडलीय? मी आहे ना! नाही म्हणालो का कधी? सोडतो, आणतो, अम्माला पण आणलं. काय कमी आहे?"

"कमी काही नाही."

"मग?"

"मग तुम्ही मला घेऊन जाता," पद्मजा म्हणाली. "मी जात नाही."

अंबादास खुर्चीत बसला. बराच वेळ तो हाताचे पंजे उलटेसुलटे करून बघत होता.

"तू एकटी जायला लागलीस तेव्हा मी मोकळा झालो," तो म्हणाला. "खोटं नाही सांगत. कारखान्यात डोकं शांत राहायला लागलं. पण फोन यायचा बंद झाला. आधी दिवसात धा वेळा यायचा. अहो, मी कुठाय? आणि मी सांगायचो. मला माहीत असायचं, तू कुठायस. त्या दिवशी सर्व्हर बंद पडला आणि तुझा फोन वाजला, तर मला... बरं वाटलं, पद्मा. गाडीवर तुला घेऊन चाललो होतो तरी बरं वाटत होतं. अम्मा खाली बसलेली दिसेपर्यंत."

पद्मजाला तेव्हा राग आला नाही. तो आला नंतर, भाकरी थापताना, आणि इतका आला की पीठ परातीबाहेर सांडलं. अम्मानं प्लॅस्टरचा हात सांभाळत डाव्या हातानं ते गोळा केलं.

दुसऱ्या दिवशी अंबादास कामावर गेलाच नाही. "कधी लावायची ती पट्टी?" त्यानं विचारलं. "माझं मत बदललेलं नाही. पण ओढायला माणूस लागतो म्हणालीस."

त्यांनी ती बैठकीच्या खोलीत लावली. मेहरू फोनवर होती. अंबादास पद्मजाच्या मागे उभा राहिला, दोन्ही हात तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना, बोटं पट्टीच्या कडेला अडकवलेली. पद्मजानं डोळे मिटले. कपाळावर मुंगी चालली. मग एकदम कानशिलात कळ गेली आणि तिच्या तोंडून आवाज निघाला. अंबादासनं पट्टी हिसकली. तिच्या कपाळावर ओरखडा उठला.

"बंद कर ते!" तो फोनवर ओरडला.

मेहरूचा आवाज घाबरलेला होता. तिनं दोन दिवस मागून घेतले, प्रवाहाला वरची मर्यादा घातली, तेवढाच प्रवाह आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघितला. दुसऱ्या खेपेला मुंगी चालली आणि मुंगीच राहिली. पद्मजा उठली, स्वयंपाकघरात गेली, तिथून न्हाणीघरात, तिथून परत. अंबादास तिच्या मागे मागे, हात हवेत तसेच धरून.

*

अम्माचं प्लॅस्टर निघालं आणि ती ठरल्याप्रमाणे आपल्या घरी गेली. पहिल्या दुपारी पद्मजा पिशवीत मशिन घेऊन एकटी निघाली. जोडबसवण्णा चौक आला. पहिलं वळण, दुसरं, निळं दार, यंत्रमागाचा खडखडाट. कारंजी नाहीत, रांग नाही, गोड आवाज नाही. तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं.

मारुतीच्या पुढे पट्टी गप्प झाली.

तिला हे माहीत होतं. गटारासाठी खणून ती बोळ बदलली होती, तिथली वळणं तिनं पाचव्या आवृत्तीत नव्यानं घातली होती. ते ठसे कंपनीकडे राहिले होते. एक जुनी बोळ होती, ती संपली होती आणि तिच्यापुढे दगडमातीचं जग होतं, ज्याला पुढे नव्हतं आणि मागे नव्हतं. हात फोनकडे गेला. अंबादासनं पहिल्या घंटीला उचलला असता.

तिनं फोन पिशवीत ठेवला आणि एका घराच्या पायरीवर बसली. त्या घरातल्या बाईनं पाणी दिलं आणि मग तिला हाताला धरून अम्माच्या दारात नेऊन सोडलं. पद्मजानं तिचे आभार मानले, पण तिचा चेहरा उतरला होता. हाताला धरून, ते टाळण्यासाठीच तर हे सगळं केलं होतं.

त्याच आठवड्यात खातं बंद झाल्याची पाटी आली. पद्मजाचं झालं, मेहरूचंही झालं.

"माझ्याकडं माझी प्रत आहे की," मेहरू म्हणाली. "चालतंय शहर. फक्त बाहेरच्या गाड्या येत नाहीत आता. तुझ्याकडची नाही, कुणाकडचीच नाही. स्टेशन आहे, रूळ आहेत, लोक फलाटावर येऊन उभे राहतात. मी सांगू शकत नाही ना त्यांना." मग ती उगाच हसली. "खेळच आहे, दीदी. जाऊ दे."

पद्मजाच्या आत्ता ध्यानात आलं. तिच्यासाठी दार उघडताना मेहरूनं स्वतःच्या शहराला कडी लावून घेतली होती, आणि हे तिनं आधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. नंतर तिचे फोन कमी कमी होत गेले.

*

बऱ्याच महिन्यांनी कंपनीचाच फोन आला. वर्तमानपत्रांतून ओरड झाली होती, पट्टी वापरणाऱ्या आणखी काही जणांवर वाईट प्रसंग ओढवले होते. आता कंपनीनं रुग्णांसाठी खास सेवा सुरू केली होती.

"आपले सगळे रस्ते आमच्याकडं सुरक्षित आहेत मॅडम," फोनवरचा तरुण म्हणाला. "शिवाय गेल्या काही महिन्यांत शहरात जे बदल झाले, नवा उड्डाणपूल वगैरे, ते सगळं आयतं मिळेल. पट्टीची दुरुस्ती मोफत. फक्त आपल्याकडची ती बाहेरची प्रत पुसून टाकायची."

पद्मजानं स्पीकर लावला होता. समोर बसलेला अंबादास जोरजोरात मान हलवत होता, हो म्हण. त्याचं चुकत नव्हतं. पट्टीची एक कड उसवली होती, आणि संस्थेनं पट्ट्यांचं काम कंपनीकडे सोपवल्यापासून ती दुरुस्त करणारं बाहेर कुणी नव्हतं. उड्डाणपुलाच्या कामानं दुकानाकडचा रस्ता अर्धा बंद झाला होता आणि तिच्या मशिनमधलं सोलापूर दिवसेंदिवस जुनं होत चाललं होतं.

"सर्व्हर बंद पडला तर?" तिनं विचारलं.

"पडणार नाही मॅडम."

"पडला तर?"

"तर..." तरुणानं बहुधा समोरचं काहीतरी वाचलं. "तर आपण रांगेत सगळ्यात पुढं असाल."

पद्मजानं विचार करून कळवते म्हणून फोन ठेवला. अंबादासनं कपाळाला हात लावला.

"ही पट्टी मोडली की काय करशील?"

"माहीत नाही."

"वर्षभर टिकेल. फार तर दोन."

"माहीत आहे."

"मग हट्ट कशाला गं?"

अम्माच्या दारात तिला हाताला धरून नेणारी बाई पद्मजाला आठवली, फलाटावर उभे असलेले मेहरूचे लोक आठवले. "रविवारी मोकळे आहात का?" तिनं विचारलं. "पुलाखालचा रस्ता घालायचाय. मशिन धरायला कुणीतरी लागेल."

रविवारी सकाळी दोघं उड्डाणपुलाशी गेले. जुना रस्ता पत्र्यांनी बंद केला होता. पट्टी म्हणत होती सरळ, आणि सरळ पत्रा होता. खांबांच्या मधून, वाळूच्या ढिगांना वळसे घालत पायवाटा फुटल्या होत्या. पद्मजानं हातात मशिनला जोडलेली, बोटानं रस्ते ओढायची काचेची पाटी घेतली, दोन पावलं चालायची, थांबायचं, पाटीवर बोटानं तेवढा रस्ता ओढायचा, झिणझिणीचा ठसा पट्टीत उतरेपर्यंत वाट बघायची. अंबादास मशिन छातीशी धरून मागे होता. त्याला रस्ता माहीत होता, तो रोज तिथून जायचा. त्यानं काही बोलायचं नाही, असं ठरलं होतं.

पहिल्या खांबाशी ती उजवीकडे वळली. अंबादासनं श्वास आत घेतला आणि तसाच धरून ठेवला. ती चालत राहिली, रस्ता ओढत राहिली. वाळू संपली, एका गोदामाची मागची भिंत आली, तिच्या कडेनं एक अरुंद बोळ, आणि बोळीच्या टोकाला कुलूप लावलेलं लोखंडी दार. पुढे काही नव्हतं. एक कुत्रं सावलीत झोपलं होतं, त्यानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा टाकली.

पद्मजा दारासमोर उभी राहिली. तिच्या ओठांवर घाम आला होता. तिनं मागे वळून अंबादासकडे बघितलं. त्याचे जबडे आवळलेले होते, चेहरा लाल झाला होता. तिला वाटलं, आता हा बोलणार. तो बोलला नाही.

"चुकलं," ती म्हणाली.

त्यानं नुसती मान हलवली.

"परत पहिल्या खांबापाशी जाऊ."

"हे पुसून टाक मग," अंबादास शेवटी म्हणाला. "ही बोळ. उगीच कशाला ठेवायची?"

पद्मजानं पाटीकडे पाहिलं. मग बोट टेकवून बोळीचा शेवटचा तुकडा दारापर्यंत ओढला आणि झिणझिण पुरी उतरेपर्यंत तिथंच उभी राहिली.

"राहू दे," ती म्हणाली. "परत कधी इथं येऊन अडकले, तर निदान कळेल की इथं मी आले होते, आणि इथून परत गेले होते."

आणि ती वळून पहिल्या खांबाकडे निघाली. अंबादास तिच्या मागे, दोन पावलं सोडून, गप्प.